दोन शेपट्या

बांधणाऱ्याचा पुतळा होतो, मोडणाऱ्याचा होत नाही. जगाचा हा रिवाजच आहे, आणि त्यात वावगे असे काही नाही. अलिबागेच्या उत्तरेला थळ म्हणून गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोर पाण्यात दोन किल्ले दिसतात, खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीचे बांधकाम शिवाजी महाराजांनी १६७९ साली काढले. ते होऊ नये म्हणून इंग्रज आणि सिद्दी दोघेही आरमार घेऊन आडवे आले. पण किल्ला उभा राहिला. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. मोडायला आलेल्यांची नावे आज परीक्षेपुरतीसुद्धा कुणाला आठवत नाहीत.

पण त्याच किनाऱ्यावर जरा वेळ बसून पाहावे. कोळी बांधव फाटलेले जाळे मांडीवर घेऊन बसलेले असतात. आपल्याला वाटते, भोक पडले तर सरळ सुतळी घेऊन विणायला लागावे. तसे ते करीत नाहीत. आधी भोकाभोवतीचे लोंबते, कुरतडलेले धागे सुरीने कापून काढतात. भोक चांगले मोठे आणि सरळ कडांचे करतात, आणि मग विणतात. घर शाकारायचे तर आधी जुनी कौले उतरवावी लागतात.  म्हणजे मोडण्याचीही एक विद्या आहे, आणि तिच्यावाचून बांधण्याच्या विद्येचे पान हलत नाही. हे तत्त्वज्ञान मी पुस्तकातून शिकले नाही. ते मला दोन शेपट्यांनी आणि थळच्या माझ्या मावशीच्या तोंडाने शिकवले.

माझी धाकटी मावशी थळला दिली. तिच्या घरामागे नारळी-पोफळीची वाडी आहे. अष्टागरातल्या कुठल्याही घरामागे असावी तशी. आम्ही मुंबईची भावंडे मे महिना तिथे काढायचो, आणि एखाद्या वर्षी परतायला उशीर झाला की पहिला पाऊस तिथेच गाठायचा. मग विहिरीजवळच्या दगडी डोणीत काळ्या टिंबांसारखी बेडकाची पिल्ले वळवळू लागत. ती रोज पाहायची हा आमचा उद्योग. आधी नुसते डोके आणि शेपूट, मग मागचे पाय, मग पुढचे, आणि एक दिवस शेपूट नाही!

शेपूट गेले कुठे? माझा मावसभाऊ म्हणाला, पालीसारखे तुटून पडते. आम्ही डोण उपसून काढली. गाळ निघाला, पोफळीची पाने निघाली, पण शेपूट म्हणून एकही निघाले नाही. शेवटी मावशीला विचारले. ती ओसरीवर अडकित्त्याने सुपारी कातरीत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "त्यानंच खाल्लं असेल. दुसरं कोण खाणार?"

आम्ही पोट धरधरून हसलो. पुढे कळले की मावशीचे उत्तर जवळजवळ बरोबर होते. रूप पालटण्याच्या त्या दिवसांत पिल्लू बाहेरचे अन्न घेत नाही. त्याचे शेपूट आतल्या आत विरघळते, आणि त्या पुंजीवर ते दिवस काढते. थोडक्यात, आपल्या लहानपणाची शिदोरी करून ते मोठे होते.

आता दुसऱ्या शेपटीकडे वळू. ती कांगारूची.

आपले शरीर कशाने एकत्र धरलेले आहे, असे विचारले तर आपण हाडे म्हणू, कातडी म्हणू. पण हाडात, कातडीत, स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडऱ्यांत, हिरड्यांत, अगदी डोळ्याच्या पारदर्शक पडद्यातही एकच मालमसाला भरलेला असतो. त्याचे नाव कोलॅजेन. पेशी या विटा मानल्या तर त्यांच्यामधला चुना, वासे, दोरखंड, सगळे तेच. प्राण्यांच्या शरीरात दुसरे कुठलेही प्रथिन एवढ्या प्रमाणात नसते. मासळीचे दाट कालवण रात्रभर गारठले की त्याची थलथलीत खीर होते, हे ज्यांच्या घरी होते त्यांना सांगायला नको. ते माशाच्या कातडीतले आणि काट्यांतले कोलॅजेनच; शिजून सैल झाले की त्याला जिलेटिन म्हणतात.

या दोरखंडाची वीण कशी असते, हे कोडे आपल्याच देशात सुटले. मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता या दोन शास्त्रज्ञांनी कांगारूच्या शेपटीतली कंडरा घेतली, कारण तिच्यात शुद्ध कोलॅजेन मिळते. तिच्यावर क्ष-किरण सोडले आणि १९५४-५५ साली जगाला सांगितले की कोलॅजेन म्हणजे तीन पेड एकमेकांभोवती वळलेला दोर आहे. आपल्या आयाबायांना वेणी घालायला तीन पेड लागतात, हे कुणी शिकवावे लागले नाही; निसर्गालाही ते आधीच ठाऊक होते तर!

हा तीन पेडांचा दोर भलताच चिवट. पोटातली पाचक रसायने साधी प्रथिने कुटून टाकतात, पण सबंध वळलेल्या कोलॅजेनपुढे बहुतेकांचे दात टिकत नाहीत. मग प्रश्न उभा राहिला तो आमच्या डोणीतलाच. बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत एवढे कोलॅजेन असते, ते थोड्या दिवसांत जाते कुठे?

अमेरिकेत बोस्टनला जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी नेमके हेच धरले. त्यांनी कोलॅजेनचा धुरकट थर काचेच्या बशीत जमवला आणि त्यावर पिल्लाच्या शेपटीचे जिवंत तुकडे ठेवले. काही काळाने तुकड्यांभोवतीचा थर निवळला, काचेसारखा आरपार झाला. शेपटीतून काहीतरी पाझरत होते आणि ते तीन पेडांचा दोर कापीत होते. हा शोध १९६२ साली प्रसिद्ध झाला. त्या कापणाऱ्या पदार्थाला कोलॅजिनेझ असे नाव मिळाले. ते एक विकर, म्हणजे एन्झाइम. त्याची तऱ्हा मोठी शिस्तीची. ते दोराचे कुठेही तुकडे पाडीत नाही. ठरलेल्या एकाच जागी कापते, पाऊण भाग इकडे, पाव भाग तिकडे. तेवढे झाले की दोर आपोआप उलगडतो आणि बाकीची कात्रणे उचलायला दुसरी विकरे येतात.

माणसाला शेपूट नाही, पण ही कात्री त्यालाही आहे. आज माणसात या घराण्याची २३ विकरे ठाऊक आहेत, आणि प्रत्येकाच्या काळजात जस्ताचा एक अणू आहे. खरचटलेली जखम भरते, हाड वाढीच्या वयात आकार बदलते, बाळंतपणानंतर गर्भाशय सहा आठवड्यांत पुन्हा मुठीएवढे होते, या सगळ्यांत आधी मोडणारे हात लागतात आणि मग बांधणारे. ते हात अनावर झाले तर संधिवातात सांध्याची कूर्चा झिजते, हिरड्या दातांना सोडतात, कर्करोगाच्या पेशींना भिंत फोडून बाहेर पडायला वाट मिळते. आणि ते हात आखडले तर? त्याचे उत्तर थळला, आमच्या मावशीच्या ओसरीवर होते.

मावशीला सुपारीचा नाद लहानपणापासूनचा. तंबाखूला तिने कधी हात लावला नाही, आणि याचा तिला अभिमान होता. घरची वाडी, घरची सुपारी. त्यात वाईट काय असायचे? जेवण झाले की एक खांड गालात जायचे, आणि नंतर नंतर जेवणाची वाटही पाहावी लागेना. साठी उलटल्यावर तिखट झोंबू लागले. "आता पूर्वीसारखं सोसत नाही," असे म्हणून तिने आमटीतली मिरची कमी केली. मग गालांच्या आतून काहीतरी ताठ झाल्यासारखे वाटू लागले. लाडू अख्खा तोंडात जाईना. ती बोलताना ओठ पूर्वीसारखे हालत नाहीत, हे आम्हाला दिसत होते. पण वय झाले की माणूस हळू बोलतेच, असे म्हणून घरात सगळे गप्प. शेवटी मुंबईला दातांच्या डॉक्टरांकडे आणली. त्यांनी तिला तोंड उघडायला सांगितले आणि आपली बोटे उभी धरली. धडधाकट माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात. मावशीच्या तोंडात जेमतेम दीड.

या दुखण्याचे डॉक्टरी नाव लांबलचक आहे. तोंडाच्या आतल्या मऊ अस्तराखाली कोलॅजेनचे पट्टे साचत जातात आणि गाल चामड्यासारखे होतात, एवढे समजले म्हणजे पुरे. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या डॉक्टरांनी केनियातल्या ५ हिंदी स्त्रियांत ते पाहिले. लगेच १९५३ साली मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी आपल्या रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. परदेशात गेलेल्या त्या बायकांनी इथून काय काय नेले असेल कोण जाणे, पण पानसुपारीचा डबा बरोबर नेला असणारच!

सुपारी हे करते कसे, हे आता बरेचसे उलगडले आहे. तिच्यातली अरेकोलीनसारखी द्रव्ये गालातल्या पेशींना कोलॅजेन विणायला चिथावतात. तिच्यातले तांबे त्या दोरांना एकमेकांत घट्ट गुंतवणाऱ्या विकराला जोर देते. आणि त्याच वेळी मोडणाऱ्या विकरांना आवर घालणारी प्रथिने वाढतात, कात्री मंदावते. विणकर दुप्पट कामाला लागला आणि कापणारा झोपी गेला, तर जाळ्याचे काय होईल? गोणपाट होईल. मावशीच्या गालाचे तेच झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखू नसली तरी नुसती सुपारीदेखील माणसात कर्करोग आणते, असा निर्वाळा दिला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी केरळात एर्नाकुलमकडे हे दुखणे असलेल्या ६६ जणांवर १७ वर्षे नजर ठेवली होती. १९८५ सालच्या त्यांच्या अहवालाप्रमाणे त्यांतल्या ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. हा आकडा मी मावशीला सांगितला नाही. डॉक्टरांनीच सांगितला, आणि बरे केले.

माझी भाची नव्या मुंबईत एका प्रयोगशाळेत संशोधन करते. तिचे काम याच मोडणाऱ्या विकरांवर. एकदा मी हट्टाने तिथे गेले. तिने शीतकपाटातून एक कुपी काढली. उणे ऐंशी अंशांतली ती कुपी तिने बर्फात ठेवूनच मला दाखवली. कुपी करंगळीच्या पेराएवढी, आणि आत डोळ्यांना दिसण्याजोगे काहीच नाही.

"यात काय आहे?" मी विचारले.

"दहा मायक्रोग्रॅम कोलॅजिनेझ. माणसाचं."

दहा मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाच्या एका बारीक कणाहूनही कमी. "माणसाचं म्हणजे? कुणा माणसाचं?" माझ्या अंगावर काटाच आला.

ती हसली. "कुणाचंच नाही गं, मावशी. कृती माणसाची, स्वयंपाकीण वेगळी."

मग तिने समजावून सांगितले. हे विकर कसे बनवायचे याची कृती आपल्या जनुकात लिहिलेली असते. तेवढीच कृती उतरवून घेऊन एखाद्या जंतूच्या किंवा वाढवलेल्या पेशीच्या जनुकमाळेत सांधायची. मग तो जंतू, कृती कुणाची हे न विचारता, आपल्या स्वयंपाकाबरोबर तेही रांधून देतो. मधुमेहाच्या रुग्णांना १९८२ पासून मिळू लागलेले मानवी इन्सुलिन याच वाटेने आले. माणसाच्या पेशींतून हे विकर काढायचे तर हाती काही लागत नाही, आणि उंदराचे घ्यावे तर ते हुबेहूब आपल्यासारखे नसते. म्हणून हा उद्योग.

पण जंतू झाला तरी परका आचारी. पुष्कळदा तो हे प्रथिन नीट घडी न घालता गोळा करून कोपऱ्यात टाकतो. तो गोळा सोडवायला दाट युरियाचे द्रावण लागते. युरियात प्रथिन सुटे होते. मग युरिया हळूहळू काढून घ्यायचा, जस्त आणि कॅल्शियम द्यायचे, की ते आपल्या मूळ घडीत बसते. हे ऐकून मला हसू आवरेना. थळ-वायशेतला खताचा एवढा मोठा कारखाना आहे. तिथला युरिया रेल्वेच्या वाघिणी भरभरून बाहेर जातो. मावशीच्या गावचा माल शेतातच नव्हे, तर मावशीच्या दुखण्याच्या अभ्यासालाही लागतो म्हणायचा! प्रयोगशाळेतला अधिक शुद्ध असतो एवढेच.

आणखी एक गंमत तिने सांगितली. हे विकर कुपीत मिटलेल्या विळीसारखे असते. त्याच्याच अंगाचा एक तुकडा पात्यावर दुमडून बसलेला असतो. तो बाजूला केल्याशिवाय ते कापीत नाही. शरीरात दुसरी विकरे तो काढतात. प्रयोगशाळेत त्यासाठी पाऱ्याचे एक संयुग वापरतात. आणि विळी एकदा उघडली की काम लवकर उरकावे लागते, कारण ती स्वतःलाही कापू लागते. मग तिने मला एक निळा पातळ पापुद्रा दाखवला. त्यात जिलेटिन मिसळलेले, आणि मध्येच स्वच्छ पांढरे पट्टे. जिथे विकराने जिलेटिन खाल्ले तिथे निळा रंग धरला नव्हता. बोस्टनच्या बशीतला निवळलेला थर, आमच्या डोणीतले हरवलेले शेपूट आणि हा पांढरा पट्टा, तिन्ही एकच!

कुपीवर लिहिले होते, 'केवळ संशोधनासाठी'. ते दोन शब्द पुढे थळला फार जड गेले.

त्या वर्षी गणपतीत आम्ही दोघी थळला गेलो. भाचीच्या कामाची गोष्ट निघाली. मावशीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि मग विचारले, "म्हणजे माझ्या गालात जे साचलंय, ते कापणारं औषध तुझ्याजवळ आहे?"

"औषध नाही, आजी. पण कापणारं आहे."

"मग लाव की माझ्या गालाला."

कुणी काही बोलले नाही. भाची खाली बघत राहिली. मग तिने आजीचा हात हातात घेतला. म्हणाली, "आजी, त्याला वाईट कोलॅजेन कुठलं आणि चांगलं कुठलं ते कळत नाही. गाल सोडवताना हिरडी सोडवेल, रक्तवाहिनीची भिंत सोडवेल. शरीरात त्याच्यावर दहा पहारेकरी असतात. कुपीत एकही नाही. मला त्याच्यावर औषधं तपासता येतात. तुझ्या तोंडात ते घालता येत नाही."

हे नुसते समजूत घालणे नव्हते. याच विकरांना आवर घालून कर्करोग रोखावा म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीस मारिमास्टॅटसारखी औषधे मोठ्या आशेने माणसांना देऊन पाहिली. ती अपेशी ठरली. रोग्यांचे सांधे मात्र दुखून आखडले. सगळ्याच कात्र्या बांधून ठेवल्या तर चांगले कामही थांबते. उलट एका जंतूचे कोलॅजिनेझ २०१० पासून अमेरिकेत हाताची आखडलेली बोटे सोडवायला सुईने देतात, पण ते नेमक्या गाठीत आणि जाणत्या हाताने. मोडणाऱ्याला जागा आणि वेळ नेमून द्यावी लागते. थळचा कोळी जाळ्याला सुरी लावतो तेव्हा त्याचा डोळा सुरीवर नसतो, भोकाच्या कडेवर असतो.

"मग मी काय करू?" मावशीने विचारले. आवाजात राग नव्हता.

"सुपारी सोड. आणि डॉक्टरांनी दिलेला व्यायाम रोज कर."

मावशीने सुपारी सोडली. वाचायला हे तीन शब्द. तिला ते वर्षभर पुरले. तिच्या गालात लवंग आली, बडीशेप आली, आणि कित्येक दिवस चिडचिडही आली. मुंबईच्या डॉक्टरांनी गालात सुया दिल्या. त्यांत दुसऱ्या एका विकराचे औषध असते, जे कोलॅजेनला नाही, पण त्याच्याभोवतीच्या चिकट द्रव्याला पातळ करते. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची, हा तिचा व्यायाम. ती काड्यांचा हिशेब भिंतीवर कोळशाने मांडते. आज दीड बोटाची दोन बोटे झाली आहेत. तिसरे बोट मावेल असे डॉक्टर म्हणत नाहीत, आणि तीही म्हणत नाही. साचलेले सगळे उलगडत नाही. पुढचे साचणे थांबते. दर सहा महिन्यांनी तोंड तपासून घ्यायचे, हे मात्र चुकवायचे नाही.

सुपारी सोडणे एक वेळ सोपे, पोफळीचे काय? घर त्या वाडीवर चालले, मुले तिच्यावर शिकली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण पोफळीला बंदी नाही आणि असायचे कारणही नाही. देवापुढे गणपती म्हणून मांडायची सुपारी, मुंजीची, लग्नाची सुपारी कुणी मोडीत काढणार आहे थोडीच! मुलगा म्हणाला, "आई, तू म्हणशील तर झाडं तोडतो." मावशीने मान हलवली. उभे झाड तोडायचे नाही, तिने सांगितले. पण वादळात जे पडेल त्याच्या जागी पोफळ लावायची नाही, जायफळ लावायचे. आतापर्यंत अशी सात रोपे लागली आहेत.

आणि घरात पाहुण्यापुढे तबक येते, त्यात आता विडा नसतो. कुणी विचारलेच, तर मावशी सुपारीवर प्रवचन झोडीत नाही. ती म्हणते, "देवाला ठेवलीय." मग आपली दोन बोटे उभी करून तोंडाशी नेते, आणि आलेल्या पोरासोरांना विचारते, "बघू, तुझ्या तोंडात किती मावतात?"